बोटाने किती, ईथरने किती

आईच्या तेराव्याला डॉक्टर आल्या होत्या. जेवल्या, फोटोपुढे थोडा वेळ बसल्या, आणि निघताना दारात चपला घालता घालता त्यांनी वही मागितली. आईला त्या मावशी म्हणत.

"मावशीची ती लांबडी वही असेल बघ घरात. हिरव्या पुठ्ठ्याची. मिळाली तर दे मला. ते काम पुरं करावं म्हणते. घाई नाही, सवडीने."

मी हो म्हटलं. वही कुठे आहे ते मला माहीत होतं. आईच्या कपाटात, इस्त्रीच्या साड्यांखाली. तिच्या शेवटच्या भरलेल्या पानावर एक ओळ खुद्द आईबद्दलची आहे, हेही माहीत होतं. त्या ओळीत काय लिहिलंय ते मी कधी पाहिलं नव्हतं, कारण त्या ओळीशी माझं एक खोटं बांधलेलं होतं. आईला ते कळलं होतं की नाही, कळलं असेल तर तिने ते लिहिलं की नाही, हे मला सहा वर्षं ठाऊक नव्हतं. वही उघडायला मला आणखी पाच आठवडे लागले.

आई पॅथॉलॉजीत तंत्रज्ञ होती. उपनगरातल्या एका मोठ्या रुग्णालयात तिने एकतीस वर्षं काढली. शाळेत बाई विचारायच्या, "आई काय करते?" मी सांगायचे, "हॉस्पिटलात आहे," आणि बाई समजायच्या, नर्स असेल. मी दुरुस्त करत नसे. खरं सांगायचं तर सांगावं लागलं असतं की ऑपरेशन करून काढलेले शरीराचे भाग बरण्यांत घालून तिच्याकडे येतात, आणि घरी आल्यावर तेच हात कोपरापर्यंत धुऊन ती भाकऱ्या थापायला बसते.

संध्याकाळी ती यायची तेव्हा तिच्या पदराला एक गोडसर, डोक्यात शिरणारा वास असायचा. गिरणी बंद पडल्यावर बाबा चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत लागले होते, त्यामुळे ते आईच्या आधी घरी असत. दार उघडायचे आणि म्हणायचे, "इला गो इला, बेशुद्धीचा औषध इला!" आणि नाक दाबून भिंतीला टेकायचे. आई त्यांच्या अंगावर पिशवी टाकायची. तो वास ईथरचा होता. पूर्वी ऑपरेशनआधी माणसाला हुंगायला द्यायचे, तेच ईथर. माणसांना ते देणं कधीच बंद झालं होतं. आईच्या टेबलावर त्याचं काम वेगळं होतं.

स्तनाच्या कर्करोगाच्या ऑपरेशनात बगलेतली चरबीही काढतात. त्या चरबीत लिम्फ नोड असतात, ज्वारीच्या दाण्यापासून वालाच्या दाण्यापर्यंतच्या लहान गाठी. त्या आपल्या सगळ्यांच्याच बगलेत असतात. पण रोग पसरायला लागला की बहुतेक वेळा आधी तिथे पोचतो. म्हणून त्या एकेक शोधायच्या, कापायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. अडचण अशी की चरबी पिवळी आणि त्याही पिवळट, चरबी मऊ आणि त्याही मऊच. सापडलेली गाठ स्वच्छ आहे की नाही ते सांगता येतं. न सापडलेल्या गाठीबद्दल कोणी काही सांगू शकत नाही.

कागदोपत्री हे काम डॉक्टरांचं. पण शिकायला आलेल्या नव्या डॉक्टरांना चरबी कशी चाचपायची ते आई दाखवायची. तिला ते गावाकडून आलं होतं. आमच्या घरी पेडवे व्हायचे. लहान, स्वस्त, आणि केसासारख्या काट्यांनी भरलेले मासे. मला काटे काढता येत नसत. आई माझ्या ताटात हात घालायची, भिंतीवरच्या टीव्हीकडे बघत बोटांनीच काटे वेगळे करायची आणि मऊ मासळीचा घास माझ्या भातावर ठेवायची. "काटो डोळ्यांका दिसत नाय, बोटांका गावता," म्हणायची. रुग्णालयात हेच ती शुद्ध मराठीत सांगत असणार.

ईथर आलं ते एका मोठ्या डॉक्टरांच्या संशोधनातून. पद्धत साधी होती. चरबी आधी बोटांनी चाचपायची, सापडतील तेवढ्या गाठी काढायच्या, आकडा लिहायचा. उरलेली चरबी ईथर, अल्कोहोल, थोडं ॲसिटिक आम्ल आणि मांस कुजू न देणारं फॉर्मालिन यांच्या मिश्रणात दुसऱ्या दिवसापर्यंत बुडवून ठेवायची. त्यात चरबी काचेसारखी पारदर्शक व्हायला लागते आणि तिच्यात राहून गेलेल्या गाठी खडूच्या कणांसारख्या पांढऱ्या उठून दिसतात. त्या काढायच्या, दुसरा आकडा लिहायचा. मग त्यांच्यातल्या किती गाठींत रोग पोचलाय ते बघायचं. बोटांना चुकलेल्या गाठींमुळे कुणाचा निकाल बदलतो का, एवढाच प्रश्न होता.

आईला तो आपल्या बोटांवर घेतलेला संशय वाटला. "बाटलेतलां पाणी आता माका शिकवतलां!" असं ती बाबांना म्हणाल्याचं मला आठवतं. तरी वही तिनेच घातली, रेघा तिनेच मारल्या. वहीत नावं नव्हती. अनुक्रमांक, वय, बाजू, बोटाने किती, ईथरने किती, त्यांत वाईट किती, शेरा, आणि उजव्या कडेला 'पुढे काय' असा एक रुंद रकाना. बायका पुढे तपासणीला येत, तेव्हा आई ओपीडीत जाऊन त्यांचं कसं चाललंय ते विचारून यायची आणि तो रकाना भरायची. ते तिला कोणी सांगितलेलं नव्हतं.

बहुतेक दिवशी ईथरला काही मिळायचं नाही. अशा दिवशी ती खुशीत घरी यायची आणि बाबांना म्हणायची, "आज पण शून्य. बाटली हरली." पण काही दिवशी ईथरला मिळायचं. एकदा तशाच गाठीत रोग निघाला. त्या दिवशी ती जेवायला बसली, ताटात हात घालून थांबली आणि म्हणाली, "मोहरीएवढी होती. माझ्या बोटाखालून गेली असणार ती." बाबांनी तिच्या ताटात आपला एक मासा ठेवला.

ईथरमुळे तिच्या विभागात एक रीत पडली होती. दसऱ्याला तिथेही शस्त्रपूजा व्हायची, कापायच्या सुऱ्यांना झेंडूची फुलं वाहायचे. पण निरांजन नाही, उदबत्ती नाही. ईथरची वाफ जड असते, वर जात नाही, टेबलावरून ओघळून जमिनीवरून सरपटत जाते, आणि लांब कुठे ठिणगी भेटली की आग त्याच वाटेने बाटलीपर्यंत परत येते. एका दसऱ्याला नवीन आलेल्या सफाईवाल्या मावशींनी भक्तिभावाने उदबत्तीचा पुडाच पेटवला. आईने हातातला चहा त्यावर ओतला. "देव रागावेल ओ ताई," त्या म्हणाल्या. "रागावू दे. जिवंत राहिलो तर माफी मागू," आई म्हणाली. घरीसुद्धा ती उदबत्ती लावण्याआधी खिडकी उघडायची. आता तिच्या फोटोपुढे लावताना मीही आधी खिडकी उघडते.

पुढे ते मोठे डॉक्टर निवृत्त झाले, आगीच्या नियमांमुळे विभागातलं ईथर बंद झालं, आणि वही अर्धी राहिली. कोणाला नको होती म्हणून आईने ती घरी आणली. त्या संशोधनात हाताखाली काम केलेली एक शिकाऊ डॉक्टर, आईकडून चरबी चाचपायला शिकलेली, तिने पुढे अंधेरी पूर्वेला स्वतःची लॅब काढली. तेराव्याला आल्या त्या याच.

सहा वर्षांपूर्वी आईला उजव्या बाजूला गाठ लागली. तेव्हा ती निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती आणि बाबा त्याच्याही आधी गेले होते. गाठ तिची तिनेच शोधली. "घट्ट आहे. हलत नाही. चांगली नाही ही," असं तिने मला सांगितलं, आणि मग दूध उतू जातंय का ते बघायला उठली.

ऑपरेशन बोरिवलीच्या एका लहान रुग्णालयात ठरलं. काढलेला भाग कुठल्या लॅबला द्यायचा ते तुम्ही ठरवा आणि तुम्हीच घेऊन जा, असं तिथे सांगितलं. आईचं आधीच ठरलं होतं. अंधेरीला, तिच्या डॉक्टरकडे. आदल्या दिवशी तिने मला समोर बसवलं.

"डबा हातात आला की काय करायचं?"

"अंधेरीला न्यायचा."

"त्याच्या आधी. झाकण उघडून बघायचं. सगळं बुडालेलं पाहिजे. वर दोन बोटं फॉर्मालिन पाहिजे. नसेल तर मागायचं. लाजायचं नाही. तुला पुस्तकं उशिरा दिली तर त्या कॉलेजच्या पोरांवर कशी खेकसतेस, तसं मागायचं. म्हणून दाखव."

मी म्हणून दाखवलं. मी बोरिवलीतल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, आणि मी कुणावर खेकसत नाही. पण म्हणून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई अजून शुद्धीवर यायची होती, आणि एका वॉर्डबॉयने माझ्या हातात पांढरा प्लॅस्टिकचा डबा ठेवला. झाकणाभोवती चिकटपट्टी गुंडाळलेली. पट्टीवर निळ्या पेनाने आईचं नाव आणि वय. डबा जड होता. मी तो दोन्ही हातांत धरून जिन्याच्या वळणावर उभी राहिले. चिकटपट्टीचं टोक नखाने उचकटलं. मग ते परत चिकटवलं.

एवढंच झालं. बाकी त्यात सांगण्यासारखं काही नाही. मी उघडला नाही.

रिक्षा केली. मेट्रोचे खांब तेव्हा उभे राहत होते, रस्ता जागोजागी अडवलेला, रिक्षा धक्के खात होती आणि मी डबा मांडीवर गच्च धरला होता. रिक्षावाल्याने आरशातून बघून विचारलं, "काय ताई, गावचं लोणचं काय? सांडेल, खाली ठेवा." मी म्हटलं, "हो, लोणचं." खाली ठेवला नाही. संध्याकाळ झाली तेव्हा लॅबच्या खिडकीवर डबा दिला, पावती घेतली आणि परत आले.

आई जागी झाली होती. ओठ कोरडे. पहिलं वाक्य तेच.

"उघडून बघितलंस?"

"हो."

"बुडालं होतं?"

"हो. वर दोन बोटं होतं."

तिने डोळे मिटले. ती दोन बोटं मी उगाच सांगितली. नुसतं हो म्हटलं असतं तरी चाललं असतं.

दहा दिवसांनी रिपोर्ट आला. सात गाठी सापडल्या होत्या आणि सातही स्वच्छ होत्या. ऑपरेशन करणारे डॉक्टर म्हणाले, छान आहे, गोळ्या सुरू करू, केमोची गरज दिसत नाही. मी जिन्यात उभी राहून रडले आणि मग घरी जाताना वाटेत आंब्याची बर्फी घेतली. आईने चष्मा लावून रिपोर्ट वाचला. बर्फीला हात लावला नाही.

"सात?"

"सातही स्वच्छ आहेत, आई."

"ते वाचलं मी. सातच कशा? माझ्या बगलेत काय दुष्काळ पडलाय?"

"काहींना कमी असतात. तूच सांगायचीस."

"काहींना. लाव तिला फोन. स्पीकरवर लाव, हात वर जात नाही माझा."

डॉक्टरांनी फोन उचलला. आईने नमस्कार-चमत्कार काही केलं नाही.

"अगं डॉक्टर, बोटं झिजली काय तुझी?"

"मावशी, तीनदा चाचपलं मी. चरबी फार मऊ होती. काही लागतच नव्हतं हाताला."

"मग ईथर लाव."

"ईथर नाही ठेवत आता. खाली साडीचं दुकान आहे, त्यांच्या देवापुढे दिवा असतो दिवसभर. परवानगी नाही मिळायची."

"दुकान बंद कधी असतं?"

डॉक्टर म्हणाल्या, "सोमवारी."

"मग सोमवारी," आई म्हणाली. "मी येते. एक लहान बाटली आण. उरलेली चरबी आहे ना? टाकली नाहीस ना?"

"तुमची चरबी मी कशी टाकेन, मावशी?"

फोन ठेवल्यावर मी आईशी भांडले. आम्ही फारशा भांडत नसू, त्यामुळे मला ते नीट जमलं नाही. मी म्हटलं, चांगला रिपोर्ट आलाय, जे नको तेच शोधायला का जायचं? सापडलं तर केमो, केस जाणार, उलट्या होणार, आणि नाही सापडलं तर आहोत तिथेच आहोत.

"नाही सापडलं तर आहोत तिथेच नाही," आई म्हणाली. "मग सात म्हणजे सात. आत्ता सात म्हणजे किती ते कोणालाच माहीत नाही." आणि मग, "दुसऱ्यांच्या घरच्या बायकांसाठी एवढी वर्षं शोधलं, तेव्हा नाही कोणी म्हणालं, नको शोधू."

मला केमोची भीती वाटत होती, हे खरंच होतं. पण चरबी मऊ होती, हे शब्द फोनवर ऐकल्यापासून मला तो न उघडलेला डबा आठवत होता. फॉर्मालिन कमी पडलं की आतलं मांस कच्चं राहतं आणि मऊ पडतं, एवढं त्या घरात वाढलेल्या कुणालाही माहीत असतं. तिने ती चरबी पाहू नये, असं मला वाटत होतं. हे तेव्हा मी तिला सांगायला हवं होतं. रविवार गेला, सोमवारची सकाळ गेली, मी सांगितलं नाही.

लॅब लहान होती. डॉक्टरांनी सगळ्या खिडक्या उघडल्या होत्या, हवा बाहेर काढणारा एक्झॉस्ट पंखा लावला होता, आणि फ्रीजचं बटणसुद्धा बंद केलं होतं. बाहेरच्या कुणाला त्या टेबलापाशी येऊ देत नाहीत. पण आईला कोण अडवणार होतं? आणि आईला आधार द्यायला मी होते. आईने डाव्या हातात हातमोजा चढवला, मलाही दोन घालायला लावले. उजवा हात छातीच्या वर जात नव्हता. डॉक्टरांनी ट्रेमध्ये चरबी ठेवली. दोन मुठींएवढी, पिवळी, वासाने नाक चुरचुरवणारी. आई वाकली. चरबी दुसऱ्या कुणाचीही असती तरी ती अशीच वाकली असती.

तिने दोन बोटांनी मधला भाग उचलला, सोडला, परत उचलला.

"मधे कच्चं राहिलं होतं. नंतर पक्कं झालंय, पण तोवर मऊ पडलं."

"सकाळी मी डबा उघडला तेव्हा अर्धाच बुडालेला होता, मावशी," डॉक्टर म्हणाल्या. "मी लगेच भरलं. पण उशीर झाला होता."

आईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या हातमोज्यांकडे बघत राहिले.

"बोरिवलीवाल्यांनी कमी घातलं असणार," आई डॉक्टरांना म्हणाली. "घाई असते त्यांना." आणि मग मला, "तू ये इकडे. माझा हात चालत नाही. तू घाल हात."

"मी?"

"पेडव्याचा काटा काढतात तसं. दाबू नको. बोटांमधून सरकू दे."

"मला काटे काढता येत नाहीत. तूच काढून द्यायचीस."

"मग आता शीक."

मी हात घातला. चरबी गार होती आणि निसटत होती. डोळे मिटले तर बरं पडेल असं वाटलं म्हणून मिटले. काहीतरी बारीक लागलं. मी थांबले.

"हे?"

आईने डाव्या हाताने चाचपलं. "शीर आहे."

थोड्या वेळाने, "आणि हे?"

"ही पण शीर."

तिसऱ्यांदाही शीरच निघाली. तेव्हा आई म्हणाली, "किती शिरा काढशील? सत्यनारायणाला बसलीयस काय?" डॉक्टर मोठ्याने हसल्या. मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांतून पाणी आलं, आणि हातमोजे घातलेले असल्यामुळे ते पुसता येईना. आईने आपला कोपर माझ्या कोपराला लावला आणि तसाच ठेवला.

बोटाने आम्हाला एकही मिळाली नाही. डॉक्टरांनी बाटली उघडली. तो वास माझ्या लहानपणातून थेट आला. आईने लांबूनच एक श्वास घेतला आणि म्हणाली, "तुझा बाप असता तर भिंतीला टेकला असता."

मंगळवारी सकाळी दुकान उघडायच्या आत डॉक्टरांचा फोन आला. पाच पांढरे ठिपके. म्हणजे सात आणि पाच, बारा. दोन दिवसांनी दुसरा फोन आला. पाचांतली एक वाईट होती. मोहरीएवढी.

आईने फोन ठेवला. मग म्हणाली, "बाटली जिंकली," आणि हिरवी वही मागितली. मी वही आणून दिली, पेन दिलं, आणि स्वयंपाकघरात निघून गेले.

आमच्या इमारतीत मात्र वेगळंच पसरलं. समोरच्या काकूंनी कुणाकडून तरी 'बारा गाठी सापडल्या' एवढंच ऐकलं आणि नारळ घेऊन रडत आल्या. "बारा गाठी गं बाई! तरी मी म्हणत होते, चाकू लावू नका, चाकू लावला की पसरतो." आईने त्यांना पाणी दिलं आणि समजावलं, बारा गाठी सापडल्या हे चांगलंच झालं, जास्त सापडाव्यात म्हणूनच धडपड होती, वाईट त्यातली एकच. काकूंना काही पटेना. "गाठी जास्त हव्यात?" "हव्यात. त्या तुम्हालाही आहेत." काकूंनी दचकून बगलेला हात लावला. पुढे कित्येक दिवस त्या मला जिन्यात गाठून हळूच विचारायच्या, "तुझी आई तसं का म्हणाली गं? तिला काही दिसलं का माझ्यात?"

केमो झाली. केस गेले, परत आले, आधीपेक्षा कुरळे. उजवा हात थोडा सुजलेला राहिला, तरी पेडवे ती डाव्या हाताने साफ करायला शिकली. पाच वर्षांनंतर पाठ दुखायला लागली आणि रोग हाडांत निघाला. ती गाठ सापडली नसती तर तो आधीच परतला असता का, असं मी एकदा डॉक्टरांना विचारलं. त्यांनी खरं सांगितलं, की सांगता येत नाही. आई शेजारीच होती. "एका ओळीवरून काही कळत नाही," ती म्हणाली. "वही भरावी लागते." डब्याबद्दल तिने मला कधीच विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. जवळजवळ रोज सांगायचं ठरवत होते.

वही मी एका रविवारी सकाळी उघडली. थेट शेवटच्या पानावर जायचं धाडस नव्हतं म्हणून पहिल्यापासून वाचत गेले. आकडे मला फारसे कळत नव्हते, म्हणून मी शेरे वाचले. आईचं अक्षर बारीक आणि सरळ होतं. 'पाण्यात आणलं. नवरा. कोणी सांगितलं नव्हतं.' 'स्टीलच्या डब्यात बर्फावर. भाऊ. मासळीसारखं ठेवलं.' 'दोन दिवस घरी ठेवलं. सासरा. अमावास्या होती.' 'फॉर्मालिन सांडलं. मुलगा. बसमध्ये धक्का.' कुणी आणलं ते सगळं लिहिलेलं, पण दोष कुणालाच दिलेला नाही. गाठी कमी का सापडल्या, याचं ते कारण होतं, आणि कारण नोंदवायचं असतं.

शेवटची ओळ. वय ६३. बाजू उजवी. बोटाने ७. ईथरने ५. वाईट १, ईथरची. आणि शेरा: 'फॉर्मालिन कमी. डबा न उघडता आणला. मुलगी. घाबरली होती.'

त्या वहीत नवरा, भाऊ, सासरा, मुलगा असे सगळे होते, आणि त्यांच्या रांगेत शेवटी मी.

'पुढे काय' हा रकाना रिकामा होता. इतरांचे तिने भरले होते. 'ठीक. नातू झाला.' 'दीड वर्षाने परत. गेली.' 'येत नाही. गावी गेली म्हणे.' हा तिला भरता येण्यासारखा नव्हता. मी आधी कोऱ्या कागदावर चार-पाचदा लिहून पाहिलं. प्रत्येक वेळी लांब होत होतं. शेवटी वहीत लिहिलं: 'पाच वर्षं दोन महिने ठीक. मग हाडांत. घरीच गेली. काटे शेवटपर्यंत स्वतः काढले.'

वही घेऊन मी अंधेरीला गेले. डॉक्टरांनी ती उभ्या उभ्याच चाळली, आणि शेवटच्या पानाशी आल्यावर खुर्ची ओढून बसल्या. शेरा वाचल्याचं मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"तू उघडला नव्हतास?"

"नाही. आईला मी उघडला म्हणून सांगितलं होतं."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "डबा मला संध्याकाळीच मिळाला होता," त्या म्हणाल्या. "मी इथेच होते, काम संपलं नव्हतं माझं. चिकटपट्टीवर मावशीचं नाव वाचलं आणि तसाच शेल्फावर ठेवून घरी गेले. दुसरा कुणाचा असता तर त्याच मिनिटाला उघडला असता. एवढी वर्षं मी हे कुणाला बोलले नाही."

"आईला?"

"मावशीला तर नाहीच."

खाली साडीच्या दुकानात कुणीतरी थान उलगडत होतं, कापडाचा फडफड आवाज वर येत होता. डॉक्टरांनी खिशातून पेन काढलं. मला वाटलं, त्या माझ्याबद्दलचा शेरा खोडणार. त्यांनी वही आपल्याकडे वळवली आणि 'घाबरली होती' या शब्दांच्या पुढे, रकान्यात मावेल इतक्या बारीक अक्षरात लिहिलं: 'घेणारीही.'